सोबतीला बसाल तेव्हा लघवी मोजा

आजचा विषय जरा लाजेचा आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. आज आपण लघवीबद्दल बोलणार आहोत. भाकरी थापता थापता ऐकत असाल, घरात सासरे-दीर बसलेले असतील, तरी रेडिओ बंद करू नका. त्यांनाही ऐकू द्या.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एक मावशी गेल्या. वय पंचावन्नच्या आसपास. हप्ता कधी चुकवला नाही, बैठकीला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी घालायच्या. तीन दिवस जुलाब आणि ताप झाला, अंगातलं त्राण गेलं, म्हणून घरच्यांनी शहरातल्या एका दवाखान्यात भरती केलं. सलाईन लागलं, जुलाब थांबले, ताप उतरला. आता घरी येतील असं सगळ्यांना वाटत होतं. आठव्या दिवशी त्या गेल्या. कागदावर आजाराचं नाव लिहून आलं, ते गटातल्या बारावी झालेल्या पोरीनं वाचून दाखवलं : अ‍ॅक्युट किडनी इंज्युरी. म्हणजे मूत्रपिंडाला अचानक झालेली इजा. एकीनं विचारलं, "इजा? कुठं पडल्या होत्या का गं त्या?"

दहावं झाल्यावर त्यांच्या सुनेजवळ बसलो, तेव्हा ती म्हणाली, "ताई, शेवटी शेवटी दोन दिवस त्यांनी लघवीचं भांडं मागितलंच नाही. मला वाटलं, बरं झालं. सारखं उठवायला नको, त्यांनाही जरा झोप लागेल."

हे ऐकल्यावर आम्ही गप्पच बसलो. कारण तिच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही तसंच वाटलं असतं. सासूची सेवा तिनं मनापासून केली, त्याबद्दल गावात कुणी बोट दाखवणार नाही. पण माणूस लघवीला जात नाही, ही त्या दवाखान्यातली सगळ्यात मोठी खबर होती, आणि ती खबर आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. म्हणून आम्ही ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना आणि जिल्ह्याच्या गावी किडनीच्या डॉक्टरांना भेटलो, दोन वेळा जाऊन नीट समजून घेतलं. जे कळलं ते आज सांगतो.

मूत्रपिंडं, ज्याला आपण किडनी म्हणतो, ती पाठीकडच्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी दोन असतात. मुठीएवढी. दिवसभरात ती सुमारे १८० लिटर पाणी गाळून काढतात, त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात आणि लीटर-दीड लीटर घाण पाणी लघवी म्हणून बाहेर टाकतात. एवढं काम करायला त्यांना रक्त भरपूर लागतं. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांकडे जातो.

आता शेतातलं बघा. पाटाला पाणी कमी आलं की कोणता वाफा आधी वाळतो? टोकाचा. शरीराचंही तसंच. जुलाब, उलट्या, रक्तस्राव, जंतूंचं विष रक्तात पसरणं, यातल्या कशानंही रक्तदाब खाली गेला की शरीर मेंदूला आणि हृदयाला आधी रक्त देतं आणि किडनीचा पाट बंद करतं. थोडा वेळ बंद राहिला आणि पाणी वेळेवर मिळालं, तर किडनी पुन्हा हिरवी होते. फार वेळ राहिला तर आतल्या बारीक नळ्या मरायला लागतात.

इथं एक फरक लक्षात ठेवायचा. साखर आणि ब्लडप्रेशरमुळं वर्षानुवर्षं हळूहळू किडनी खराब होते, तो आजार वेगळा. तो बहुधा मागं फिरत नाही. ही अचानक झालेली इजा काही तासांत किंवा काही दिवसांत होते आणि वेळेत ओळखली तर पुष्कळ वेळा किडनी पुन्हा कामाला लागते. म्हणूनच हिनं माणूस गेला की जास्त हळहळ वाटते.

जातात किती? हा प्रश्न आम्ही डॉक्टरांना सरळच विचारला. २०१३ साली जगभरातल्या तीनशेहून जास्त अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला होता. दवाखान्यात भरती झालेल्या मोठ्या माणसांत साधारण पाचांतल्या एकाला ही इजा होते, आणि इजा झालेल्या चौघांतलं जवळपास एक माणूस दगावतं, असं त्यातून दिसलं. इजा जितकी जास्त, तितका धोका जास्त. अतिदक्षता विभागात जाऊन ज्यांना डायलिसिस लागतं, त्यांच्यातली जवळपास निम्मी माणसं वाचत नाहीत. २०१६ साली ७२ देशांतल्या रुग्णांचा अभ्यास छापून आला. त्यात आपल्यासारख्या कमी उत्पन्नाच्या देशांत शरीरातलं पाणी आटणं हे या इजेचं सगळ्यात मोठं कारण निघालं. जवळजवळ निम्म्या रुग्णांत ते होतं. म्हणजे कसला मोठा, दुर्मीळ रोग नाही. जुलाब, उलट्या, ऊन, पाणी न पिणं.

हे आकडे ऐकून घाबरू नका, पण त्यांचा अर्थही नीट घ्या. गेलेलं प्रत्येक माणूस किडनीमुळंच गेलं असं नसतं. पुष्कळांना मुळातच जबर आजार असतो आणि किडनी बंद पडणं ही त्या आजाराची पुढची पायरी असते. तरी किडनी स्वतःही जीव घेते. ती थांबली की रक्तात पोटॅशियम नावाचं क्षार साठतं. ते फार वाढलं की हृदयाची लय बिघडते आणि बोलता बोलता माणूस जातं. पाणी बाहेर पडत नाही, ते फुफ्फुसात भरतं, मग आडवं झालं की दम लागतो. रक्त आंबट होतं, घाण साठून माणूस गुंगीत जातं, असंबद्ध बोलायला लागतं. जंतूंशी लढायची ताकदही कमी होते.

पोटॅशियमवरून एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती सांगताना आम्हाला बरं वाटत नाही. मावशींना भेटायला आम्ही गटातल्या चौघी गेलो होतो. जाताना दोन शहाळी नेली. आजारी माणसाला शहाळं, ही आपली रीतच. किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं की शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. एका शहाळ्यात एका केळ्यापेक्षाही जास्त असू शकतं. ज्याची लघवी नीट होते त्याला ते चालतं, पण लघवी बंद झालेल्या माणसाला ते विषासारखं ठरू शकतं. केळी, मोसंबीचा रस यांचंही तेच. आम्ही विचारलं, "मग आमच्या शहाळ्यानं...?" डॉक्टर म्हणाले, "तसं कुणी सांगू शकणार नाही, आणि तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका." आम्ही मनाला लावून घेतलं आहे. आता गटातली कुणीही दवाखान्यात भेटायला गेली की काही खायला-प्यायला देण्याआधी नर्सताईंना विचारते.

दवाखान्यात माणसावर इतकी लक्ष ठेवणारी माणसं असताना हे सुटतं कसं, असं तुम्हाला वाटेल. आणि हे फक्त आपल्याकडंच होतं असंही समजू नका. इंग्लंडमध्ये ही इजा होऊन दवाखान्यातच दगावलेल्या रुग्णांचे कागद तिथल्या डॉक्टरांनी बसून तपासले. त्याचा अहवाल २००९ साली आला. निम्म्याच रुग्णांची काळजी चांगली झाली होती, असं त्यांनी स्वतःच लिहिलं. भरती झाल्यानंतर ज्यांची किडनी बिघडली, त्यांच्यातल्या ४३ टक्के जणांच्या बाबतीत ते ओळखायलाच फार उशीर झाला होता. आणि अशा पाचांतल्या एकाची इजा आधी कळण्यासारखी होती, टळण्यासारखी होती. सगळ्या सोयी असलेल्या देशातली ही गोष्ट. आम्हाला त्या डॉक्टरांचं कौतुक वाटलं. आपल्याच चुका मोजून छापायला धीर लागतो. पुढं २०१४ साली तिथल्या आरोग्यसेवेनं ठरवलं की रक्त तपासणाऱ्या संगणकानंच रुग्णाचा जुना आकडा आणि नवा आकडा ताडून बघायचा आणि फरक पडला की डॉक्टरांना इशारा द्यायचा.

आपल्या वॉर्डात तसा संगणक नाही. एका नर्सताईकडे कितीतरी खाटा असतात. पण आपल्याकडे एक आहे, जे तिकडं नसतं. खाटेशेजारी खाली चटई टाकून रात्रंदिवस बसलेली बाई. सून, लेक, बहीण, जाऊ. तिला दोन गोष्टी माहीत असल्या तर ती त्या संगणकाइतकीच कामाची आहे.

पहिली गोष्ट लघवी. डॉक्टरांचं माप असं : माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्धा मिली लघवी तरी व्हायला हवी. पन्नास किलोची बाई धरली तर तासाला २५ मिली, सहा तासांत १५० मिली. सहा तास याहून कमी झाली, तर ती किडनीच्या इजेची खूण धरतात. रात्रंदिवस मिळून ४०० मिलीपेक्षा कमी म्हणजे फारच कमी. मोजायला काही मोठं लागत नाही. औषधाच्या दुकानात माप छापलेलं प्लॅस्टिकचं भांडं मिळतं. नळी घातलेली असेल तर पिशवीवरच आकडे असतात. सहा वाजता किती, बारा वाजता किती, वहीत लिहायचं. काय प्यायलं, किती सलाईन गेलं, तेही शेजारी लिहायचं. रंगही लिहायचा. चहासारखी किंवा कोका कोलासारखी गडद झाली तर पुढची वेळ येईपर्यंत थांबायचं नाही, लगेच सांगायचं. पिशवी रिकामी दिसली तर आधी नळी कुठं मुडपली नाही ना, अंगाखाली दबली नाही ना, ते बघायचं. आणि लघवी होत नाही पण ओटीपोट फुगलंय, दुखतंय, असं असेल तर वाट तुंबलेली असू शकते. म्हाताऱ्या पुरुषांत हे बरंच होतं. तेही तिथल्या तिथं सांगायचं.

मावशींची आणखी एक गोष्ट सुनेनं नंतर सांगितली. वॉर्डाचा संडास लांब, कडी मोडलेली, बाहेर पुरुषांची रांग. म्हणून त्या पाणीच पीत नव्हत्या. हे ऐकून तुमच्यातल्या किती जणींनी मान हलवली असेल आम्हाला माहीत आहे. लग्नाला जाताना, एसटीत बसताना, ऊसतोडीच्या फडावर, आपण सगळ्या हेच करतो. धडधाकट बाई एक दिवस ते सोसून नेते. जुलाबानं सुकलेली बाई नाही सोसू शकत. भरती झालेल्या बाईला खाटेवरच भांडं द्या, चादरीचा आडोसा धरा, आणि "लाजू नका" असं दहा वेळा म्हणा. मात्र एक सांभाळा. लघवी कमी झाली म्हणून आपल्या मनानं तांब्याभर पाणी पाजायचं नाही. सुरुवातीला पाणी कमी पडलेलं असतं तेव्हा पाणीच औषध असतं. पण किडनी एकदा बंद पडली की तेच पाणी छातीत भरतं. कधी द्यायचं, कधी थांबवायचं, ते डॉक्टर ठरवतील. ठरवायला त्यांना तुमच्या वहीतले आकडे लागतील.

दुसरी गोष्ट क्रिएटिनिन. नाव अवघड आहे, पण हिमोग्लोबिनही एकेकाळी आपल्याला अवघडच होतं. आपले स्नायू हालचाल करतात त्यातून हा पदार्थ तयार होतो आणि किडनी तो बाहेर टाकते. किडनी थकली की रक्तात तो वाढतो. काही जणांची लघवी बेताची होत राहते आणि तरी किडनी बिघडत असते, अशा वेळी हा आकडाच सांगतो. दोन दिवसांत तो ०.३ ने वाढला किंवा आधीच्या दीडपट झाला तर डॉक्टर त्याला इजा म्हणतात.

यात बायकांसाठी एक मेख आहे. अंगानं बारीक, स्नायू कमी असलेल्या बाईचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं. समजा ०.५. आजारपणात ते १.० झालं. कागदावर छापलेल्या मर्यादेत बसतं म्हणून वरवर बघणारा "नॉर्मल आहे" म्हणेल. पण तिच्यासाठी ते दुप्पट झालेलं आहे! हे कळणार कशावरून? जुना कागद असेल तरच. आणि जुना कागद आपण काय करतो? गहाण ठेवल्यासारखा गादीखाली ठेवतो, नाहीतर पोरं त्याची होडी करतात. आमच्या गटानं आता प्रत्येकीच्या पासबुकाच्या पिशवीत एक कार्ड ठेवलंय. त्यावर तारीख आणि क्रिएटिनिन. साखर, बीपीसाठी रक्त तपासता तेव्हा हाही आकडा विचारून लिहून घ्या. भरती झालात की ते कार्ड डॉक्टरांसमोर ठेवा. आणि रोज विचारा, "आज क्रिएटिनिन किती? काल किती होतं?" काही डॉक्टर वैतागतील. आमच्यावरही एक वैतागले. पण आकडा सांगितला.

औषधांचंही थोडं बोलू. अंगदुखीला आपण दुकानातून गोळी आणतो, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशी तिची नावं असतात. या गोळ्या किडनीकडं जाणारं रक्त कमी करतात. पोट भरलेल्या, पाणी प्यालेल्या माणसाला एखादी चालून जाते. जुलाब-उलट्या चालू असताना ती किडनीला भोवते. मावशी दोन वर्षं गुडघ्यासाठी ती घेत होत्या, जुलाबातही घेतली. भरती करताना हे कुणी सांगितलं नाही, कारण "ते काय औषध आहे का" असं घरच्यांना वाटलं. बीपीच्या काही गोळ्या आणि साखरेची काही औषधंही जुलाबाच्या दिवसांत थांबवावी लागू शकतात. त्याच दिवशी फोन करून विचारा, आपल्या मनानं बंद करू नका. काही अँटिबायोटिक इंजेक्शनं किडनीला जड असतात, तरी जीव वाचवायला ती द्यावी लागतात, मग रोज क्रिएटिनिन बघतात. म्हणून भरती करताना घरात सापडतील तेवढ्या गोळ्या, चूर्णं, काढे, सगळं पिशवीत घालून न्या. जडीबुटीही न्या. लपवू नका.

इथं जुलाबाच्या घरच्या उपायाबद्दल बोलायचं राहून जायला नको. जलसंजीवनीचं पाकीट. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून लोकांना पाजलं. त्यांच्या हाताखालच्या रुग्णांतलं मरणाचं प्रमाण एकदम खाली आलं. तेच पाकीट आज आशाताईंकडं मिळतं. मुलांना आपण देतो. मोठ्या माणसाला कुणी देत नाही, त्याला थेट सलाईनच हवं असतं. मावशींना पहिल्या तीन दिवसांत ते मिळालं असतं तर, हा विचार आमच्या डोक्यातून जात नाही.

आणखी तीन प्रसंगांत लघवीवर डोळा ठेवायचाच. साप चावल्यावर, विशेषतः घोणस. तिचं विष रक्त गोठू देत नाही आणि किडनीही बंद पाडतं. औषध देऊन शुद्धीवर असलेला माणूसही पुढच्या दोन-तीन दिवसांत लघवी बंद होऊन अडचणीत येतो, म्हणून "बरं वाटतंय" म्हणत घरी पळून यायचं नाही. दुसरा, बाळंतपणात किंवा गर्भपातात जास्त रक्त गेलं किंवा नंतर ताप आला तर. एकेकाळी आपल्या देशात चोरून केलेल्या गर्भपातानंतर किडनी बंद पडून कितीतरी बायका मरायच्या. १९७१ च्या कायद्यानं दवाखान्यात गर्भपात करता यायला लागला आणि पुढच्या वर्षांत हे प्रमाण बरंच उतरलं. तिसरा, साचलेल्या पाण्यातून चालल्यावर, भातलावणीनंतर आलेला ताप. तो लेप्टो असू शकतो आणि तोही किडनीवर जातो.

आता डायलिसिसची भीती. "डायलिसिस लावलं म्हणजे संपलं" असं गावात म्हणतात. मावशींच्या घरच्यांनीही आधी नको म्हटलं, दीड दिवस त्यात गेला. पहिलं चालणारं यंत्र नेदरलँड्समध्ये डॉक्टर विलेम कोल्फ यांनी युद्धाच्या काळात तयार केलं, लाकडी पट्ट्यांचा पिंप आणि सॉसेज भरायच्या पातळ नळ्या वापरून. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ साली त्या यंत्रानं पहिल्यांदा माणूस वाचला, ती ६७ वर्षांची एक बाई होती. ती बेशुद्ध होती, शुद्धीवर आली, आणि पुढं काही वर्षं जगली. अचानक झालेल्या इजेत डायलिसिस म्हणजे मोडलेल्या हाताला बांधलेली झोळी. किडनी विश्रांती घेते तोवर यंत्र काम करतं. काहींना दोन-चार वेळाच लागतं. ते लावलेली माणसं जास्त मरतात, कारण मुळात सगळ्यात गंभीर माणसांनाच ते लागतं, आणि उशिरा लागतं. पैशाचं म्हणाल तर जिल्हा रुग्णालयांत २०१६ पासून गरिबांसाठी मोफत डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला पहिल्याच दिवशी रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा. गाडीला १०८.

आणि माणूस बरं होऊन घरी आलं तरी काम संपत नाही. या इजेतून उठलेल्याला पुढं किडनीचा कायमचा आजार होण्याचा धोका राहतो. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासायचं, दुखण्याच्या गोळ्या बंद, आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला "मला ही इजा झाली होती" हे सांगायचं.

मागच्या महिन्यात त्याच सुनेच्या आईला तापानं भरती केलं होतं. ही सोबतीला गेली, माप छापलेलं भांडं आणि चौकटीची वही घेऊन. दुसऱ्या दिवशी पहाटे सहा तासांत ८० मिली भरली. नर्सताई झोपेत होत्या, हिनं जाऊन उठवलं. रक्त तपासलं, क्रिएटिनिन १.९ निघालं. सलाईन बदललं, एक इंजेक्शन बंद केलं. आठवड्यानं आई घरी आली. ती वही सुनेनं आम्हाला बैठकीत दाखवली. पहिल्या पानावर तिनं सासूचं नाव लिहिलं होतं, नंतर खोडून आईचं लिहिलं होतं.